सरप्लस माणसं आणि वाफेचं इंजिन

बारामतीच्या लाइनीवर एका फाटकावर मी गेटमन होतो. फाटकाखालून भुयारी रस्ता झाला आणि साहेबांनी मला बोलावून सांगितलं की आता तू सरप्लस. सरप्लस म्हणजे माणूस आहे, पगार आहे, पण जागा नाही. आमच्या सेक्शनात असे चौघं झालो होतो. रोज स्टेशनवर जायचं, सही करायची आणि बाकावर बसून गाड्या बघायच्या.

तिकडं रुळांवर मात्र माणूस पुरत नव्हता. रिटायर झालेल्यांच्या जागा कुणी भरत नव्हतं. रूळ राखणाऱ्या गँगचा मुकादम निरवांगीचा, नात्यानं माझा मेहुणा. त्याच्याकडं आठ जण उरले होते. आम्हाला गँगमध्ये द्या, असं त्यानं साहेबांना सांगून पाहिलं. पण गेटमनच्या यादीतला माणूस गँगच्या यादीत घालता येत नाही, असं उत्तर आलं.

अशात बातमी आली की कुठल्याशा यार्डात वर्षानुवर्षं उभं असलेलं वाफेचं इंजिन आमच्या स्टेशनात येणार. ते दुरुस्त होणार, रंगवलं जाणार आणि एक दिवस पाहुण्यांसमोर चार किलोमीटर चालणार. वारसा जपायचा म्हणे.

आम्ही वेटिंग रूममध्ये मीटिंग घेतली. मी आयुष्यात केलेलं एकुलतं एक भाषण ते. माणसांना घरी बसवायचं आणि भंगाराला रंग फासायचा, हा कुठला न्याय, असं मी विचारलं. टाळ्या पडल्या. इंजिनाचा खर्च थांबवून गँगमध्ये माणसं भरा, असा अर्ज मीच माझ्या हातानं लिहिला. पहिली सही मेहुण्याची होती.

चौथ्या दिवशी ऑर्डर आली. इंजिन चालवायचं तर भट्टीत कोळसा टाकायला फायरमन पाहिजेत, बॉयलर बघणारा पाहिजे, पुसणारे पाहिजेत. त्या जागा कधीच्या रद्द झालेल्या आणि नवी भरती बंद. म्हणून सरप्लस माणसं इंजिनाला जोडली. गेटमनच्या यादीतून इंजिनाच्या यादीत जायला काही अडचण नव्हती. मी फायरमन झालो, आणि चौघांत सीनियर म्हणून इंजिनाचा इनचार्जही.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून एक कागद माझ्याकडं आला. इंजिनाविरुद्ध अर्ज आला आहे, इनचार्जनं अभिप्राय द्यावा. अर्ज माझाच होता. मी दोन दिवस विचार केला आणि खाली लिहिलं, ‘अर्जदाराचं म्हणणं ऐकून घ्यावं.’ अर्जदारानं येऊन भेटावं, असं पत्र आलं. मी गेलो, तर फायरमन असून ड्यूटी सोडून का आलास म्हणून साहेबांनी मलाच झापलं.

आम्हाला शिकवायला सुप्याहून एक रिटायर फायरमन आणले. ऐंशीच्या पुढचे, एसटीनं यायचे. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी इंजिनाला चक्कर मारली, चाकावर हात ठेवला आणि कोळसा कुठंय विचारलं. कोळसा मंजूर झाला नव्हता. मग तात्यांनी आम्हाला रिकाम्या फावड्यानं शिकवायला सुरुवात केली. बारा दिवस आम्ही आळीपाळीनं भट्टीच्या तोंडात काहीच न टाकता फावडं मारत होतो. तात्या कमरेवर हात ठेवून बघायचे. डाव्या कोपऱ्यात जास्त पडलं, मागं कमी पडलं, असं बारीक आवाजात सांगायचे. गंमत म्हणजे आठव्या-नवव्या दिवसापासून मलाही ते दिसायला लागलं.

एकदा डबा खाताना मी त्यांना विचारलं, की एवढी माणसं कमी करतात आणि ह्याच्यावर खर्च करतात, हे तुम्हाला पटतं का?

तात्यांनी भाकरी खाली ठेवली. “मला नगं इचारू. माजी तीस वर्षं ह्या तोंडात गेली. हे बंद पडलं तवा आमीबी सरप्लसच झालो व्हतो. आमच्यापायी कुणी अर्ज लिवला न्हाय.”

डबा झाकून मी रिकामं फावडं उचललं.

पाहुण्यांचा दिवस आला, पण बॉयलरचा दाखला आला नाही. त्यामुळं वाफ धरायची नाही असा हुकूम. मग मागून डिझेल इंजिन लावलं, ते ढकलणार. धूर तरी दिसला पाहिजे म्हणून उसाचं पाचट आणलं आणि आम्ही चौघं ते भट्टीत कोंबत होतो. शिट्टीही मागच्या डिझेलचीच. पाहुणे फोटो काढत होते. तात्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यात पुढं उभे, कशालाच न जोडलेला दांडा घट्ट धरून, बाहेर वाकून सिग्नल बघत होते. चार किलोमीटर त्यांनी नजर हलवली नाही. उतरल्यावर इंजिनाकडं बघत, डोळे पुसत मला म्हणाले, “ओढ हाय अजून तिच्यात.” आयुष्य इंजिनावर काढलेल्या माणसाला मागून ढकललेलं कळलं नसेल, असं मला वाटत नाही. मी व्हय तात्या, एवढंच म्हणालो.

इंजिन स्टेशनातच राहिलं आणि आमच्या जागा कायम झाल्या. मेहुण्याची गँग मात्र आठाची पाच झाली. एका सकाळी तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. “दाजी, तुमी चौघं नुसतं पितळ घासताय. खडी भरायला हात द्या की.” तेव्हापासून आम्ही सही इंजिनाला करतो आणि पहारी घेऊन रुळांवर जातो.

मागं एकदा मोठे साहेब न सांगता इंजिन बघायला आले. स्टेशनमास्तरांचा फोन आला, तसे आम्ही दीड किलोमीटर स्लीपरवरून पळत आलो आणि चिंध्या घेऊन इंजिन पुसायला लागलो. चौघंही घामानं चिंब, धापा टाकत होतो. साहेब बराच वेळ बघत राहिले. एवढ्या मेहनतीनं वारसा जपणारी माणसं त्यांनी कुठं पाहिली नव्हती म्हणे. आमच्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून त्यांनी इंजिनाला आणखी दोन माणसं मंजूर केली.

त्यातल्या एका जागेसाठी मेहुण्यानं अर्ज केला. त्यालाही ती मिळाली. मुकादमाची जागा रिकामी झाली आणि रिकामी म्हणून रद्दही झाली. आता तो माझ्या हाताखाली क्लीनर आहे. हजेरी झाली की आम्ही पहारी उचलतो, आणि रुळावर पाय पडला की तो मला कामं सांगायला लागतो. कालच म्हणाला, “दाजी, पहार अशी नगा धरू, कंबर जाईल.” मी पहार नीट धरली.