ट्रॉलीची मागची बाजू

मी मुळातच भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. भित्र्या माणसाने हमरस्त्याला लागून दुकान थाटू नये, पण पोटापाण्यापुढे कोणाचं काय चालतं? घोडेगावच्या जवळ, शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या जिथून वळतात त्याच्या थोडं अलीकडे माझं रेडियमचं दुकान आहे. नंबरप्लेट, काचेवर देवाचं नाव, मडगार्डवर मोर, असली कामं. पूर्वी ब्रशने पाट्या रंगवायचो, म्हणून लोक अजूनही मला पेंटरच म्हणतात.

गिऱ्हाईक नसलं की मी उरलेल्या फोमशीटच्या तुकड्यांतून गाड्या बनवतो. खऱ्या गाडीच्या तिसाव्या हिश्शाच्या. मुलांच्या खेळण्यातल्या नव्हेत; त्यांना हात लावलेला मला खपत नाही. माझ्या दारावरून जाणारी गाडी जशी आहे तशी मला हवी असते. बॉलपेनच्या रिफिलचा सायलेन्सर, पत्र्यावरच्या गंजाला गेरू, चिखलाला वाळवलेली चहापूड. बंपरला पोचा असेल तर पोचासुद्धा. नवी कोरी गाडी बनवण्यात मला गोडी नाही. ती कुणाचीही असू शकते, पोचे मात्र ज्याचे त्याचे.

चाकं मला मुलगी पुरवते. ती नेवासा फाट्यावरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. सलाईनच्या बाटल्यांची रबरी बुचं धुऊन, पिशवीत घालून आणते. बारीक ब्लेडने त्यांवर खाचा पाडल्या की हुबेहूब टायर. "पप्पा, लोक पोरीकडून मिठाई मागतात, तुम्ही बुचं मागता," असं ती म्हणते, आणि तिच्या आईला हसू आवरत नाही.

ती रोज स्कुटीवर जाते-येते. माझी भीती ती हीच. उन्हाळ्यात निभावून जातं, उजेड असतो. पण कारखान्यांचं गाळप सुरू झालं, की संध्याकाळी ड्युटी संपेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर घराएवढा ऊस. समोरून बघाल तर लग्नाला निघाल्यासारखा थाट: लायटिंग, झेंडे, कर्ण्यावर गाणी. मागून बघाल तर काही नाही. काळोखात काळोख. ऊस फाळक्याच्या, म्हणजे मागच्या फळीच्या, बाहेर लोंबत असतो आणि त्याच्या पाचटात लाल दिवा असला तरी गडप. मागून येणाऱ्याला कळेपर्यंत तो उसात शिरलेला असतो. मी हे दुकानात बसून बघतो. फाट्यावरून येणाऱ्या दिव्यांत एकच दिवा दिसला की मी उठतो, मोटारसायकल निघाली की बसतो.

शेजारच्या वस्तीवरच्या आण्णांचा एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या आहेत. माणूस दिलदार, आवाज खणखणीत, कामाला वाघ. गेल्या हंगामाच्या तोंडाशी ते दुकानात आले, ट्रॅक्टरच्या बोनेटवर कुलदैवताचं नाव, ट्रॉल्यांच्या दोन्ही बाजूंना मोर आणि पुढच्या पत्र्यावर नातवाचं नाव घालायला सांगितलं. मी म्हणालो, "आण्णा, मागं लाल पट्ट्या मारतो. माझ्याकडून."

"मागं कोन बघतंय, पेंटर? ऊस भरला की झाकूनच जातंय सगळं. उगं कशाला वाया घालवता?"

हे एकट्या आण्णांचं नाही. माझ्याकडे येणारा प्रत्येक ट्रॉलीवाला पुढचं सजवतो. मागची बाजू म्हणजे घराच्या मोरीसारखी, ती कोण दाखवतो?

जाताना त्यांची नजर फळीवरच्या माझ्या गाड्यांवर गेली. नवं घर बांधलं होतं, शोकेस रिकामं होतं. "आमची जोडी बनवा की अशी. उसासकट. कायबी सोडू नका."

मी सगळं काम बाजूला सारून ती जोडी करायला घेतली. हातभर लांब झाली. खराट्याच्या काड्या एकसारख्या कापून मोळ्या बांधल्या, एकावर एक रचल्या. दोऱ्याचे आवळे दिले. पाचटासाठी सुकलेलं गवत चोळून घातलं. उजव्या चाकावर जिथे खऱ्या मागच्या ट्रॉलीचा पत्रा दबलेला होता, तिथे चमच्याने दाबला. शेवटी मागचा ऊस लोंबता केला, आणि माझ्याच डोळ्यांदेखत फाळका दिसेनासा झाला. कारागिरी साधली होती, पण अंगावर काटा आला. फळीवर पुन्हा ठेवताना मी तिचं तोंड माझ्याकडे आणि पाठ भिंतीकडे केली.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी मुलगी वेळेवर आली नाही.

थोडा उशीर रोजचाच. पण अंधार दाटला, बाजूच्या चहावाल्याने ट्यूब लावली, तरी ती नाही. फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. दुकानामागच्या घरातून तिची आई बाहेर आली, "आली का ओ?" म्हणाली. दुकानाचं शटर तसंच उघडं टाकून मी मोटारसायकलला किक मारली.

त्या रस्त्यावर मी काय काय बघितलं ते मला आता आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी मनातल्या मनात ती लहान ट्रॉली बघत होतो. काडीन् काडी मीच रचलेली. कुठली मोळी किती बाहेर आली आहे हे मला पाठ होतं, आणि डोळ्यांसमोर त्या काड्यांमध्ये पांढरी स्कुटी येत होती. मी देवाला नवससुद्धा बोललो नाही. बोललो तर खरं होईल असं वाटलं.

मग पुढे गाड्यांचा वेग कमी झालेला दिसला. रस्त्याच्या उजव्या अंगाला एक मोठा काळा ढीग, आणि कडेला, मातीत आडवी पडलेली स्कुटी. दिवा चालू. माणूस नाही.

मी गाडी थांबवली की सोडून दिली, कोण जाणे. स्कुटीकडे धावलो.

"पप्पा! तिथंच थांबा, गाडीचा लाईट चालू ठेवा, इंडिकेटर लावा!"

ढिगाच्या मागे, बऱ्याच अंतरावर, ती उभी होती. रस्त्याच्या कडेला, एका हातात मोबाईलची बॅटरी, दुसऱ्या हातात ओढणी, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हलवून हलवून बाजूला काढत होती. फोन ड्युटीवर असल्यापासून सायलेंट होता; मी लावत होतो तो त्याच बॅटरीच्या फोनवर. मागच्या ट्रॉलीचं टायर बसलं होतं. रिवाजाप्रमाणे ड्रायव्हरने ती जागीच सोडली होती, मागे चार दगड मांडले होते आणि पुढच्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर घेऊन टायर आणायला गेला होता. ट्रॅक्टर गेला म्हणजे होता नव्हता तो दिवाही गेला. मुलीला ती ट्रॉली अगदी हाताच्या अंतरावर आल्यावर दिसली. ब्रेक दाबला, वाचली. मग स्कुटी कडेला लावली, तिचा दिवा रस्त्याकडे केला. मऊ मातीत स्टँड रुतलं आणि ती आडवी झाली. मुलगी मात्र मागे जाऊन उभी राहिली.

"घरी का नाही आलीस?" मी ओरडलोच. मला रडू फुटलं होतं आणि ते मी रागात लपवत होतो.

"आणि मागून कुणी आलं असतं तर?" ती म्हणाली. "तुम्ही लाईट धरा आधी."

मी तिच्या शेजारी उभा राहिलो. भरधाव ट्रक यायचा, त्याच्या उजेडात आम्ही दोघे पांढरे व्हायचो, आणि तो शेवटच्या क्षणी वळायचा. त्या उजेडात मी पाठीमागे एकदा बघितलं. उजव्या चाकावरचा पत्रा दबलेला होता. मी चमच्याने दाबला होता, तस्साच.

ट्रॅक्टर परत आला, टायर घेऊन उतरले ते आण्णाच; तिला बघून त्यांचा खणखणीत आवाज बसला. "पोरी, तू हितं हुतीस व्हय गं?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी लहान ट्रॉली भिंतीकडून फिरवली. फाळक्यावर पट्टी मारून उपयोग नाही, आण्णा तेवढं खरं बोलले होते, झाकली जाते. म्हणून चासीखालून एक नळी उसाच्याही बाहेर काढली आणि तिला साखळीने पत्र्याच्या दोन पाट्या टांगल्या, लाल रेडियमच्या. ऊस वर लोंबो, पाट्या खाली मोकळ्या. मोबाईलचा उजेड मारला, पेटल्यासारख्या चमकल्या.

आण्णा जोडी न्यायला आले. पाट्या बघितल्या, बोटाने हलवल्या. मग म्हणाले, "लई झाक. पन मागं आपली पोरगी पायजे, पेंटर. हातात बॅटरी घेतलेली. शोकेसमधी येनाऱ्या-जानाऱ्याला सांगीन मी."

मनापासून म्हणाले, डोळ्यांत पाणी होतं. पण माझं डोकं फिरलं. "तिथं माणूस उभा करायचा न्हाई आण्णा. म्हणून तर पाट्या लावल्यात. आधी खऱ्या ट्रॉलीला लावा, मग ही घेऊन जा. आणि माणसं मला जमत न्हाईत."

त्यांनी लावल्या. माझ्यासमोर, वेल्डिंग करून. मग जोडी घेऊन गेले.

माणसं जमत नाहीत, हे खोटं होतं. एक केलं होतं. तारेचं, बोटाच्या दोन पेरांएवढं, एका हातात टाचणीचं पांढरं डोकं आणि दुसऱ्या हातात ओढणीची चिंधी. ट्रॉलीमागे उभं करून मी टेबलाशी डोळे नेले आणि त्याच्या मागची मोकळी जागा बघितली. तिथून काहीही येऊ शकत होतं. मी ते उचलून खिशात टाकलं.

आता संध्याकाळी आण्णांची ट्रॉली पाट्या हलवत दारावरून जाते, तेवढ्यापुरता मला श्वास घेता येतो. मग दुसरी येते, तिच्या मागे काही नसतं. स्कुटी दारात वळेपर्यंत ते तारेचं माणूस माझ्या मुठीत असतं. ती आली, हेल्मेट काढलं, बुचांची पिशवी टेबलावर ठेवली, की मी ते गल्ल्यात टाकतो आणि चहा सांगतो.