विलासच्या डिक्कीतली निळी बॉटल

गॅरेजातलं भंगार कितीही विका, कोपऱ्यात पुन्हा जमतेच. किश्श्यायचंही तसंच. हे सारे एकाच डिक्कीतले. हसून घ्या, पण तवा मले हसू येत नव्हतं, हे ध्यानात ठेवा!

गाडी विलासची, वायरिंग माही. नागपूरच्या रेसपायी त्यानं गाडी जोरात पळवाले ड्राय नायट्रस आणलं. म्हणजे बॉटलीतून इंजिनात निस्ती गॅस सोडाची, आन त्या हिशोबानं पेट्रोल गाडीच्या कम्प्युटरनं वाढवाचं. पेट्रोल आलं आन गॅस नाही आली, तर काळा धूर. गॅस आली आन पेट्रोल नाही आलं, तर पिस्टन मेणावानी वितळते!

वरून रेखा वहिनीचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, दिवस भरत आलेले. डॉक्टर गोंदियाचा, आन घरात गाडी हीच एक. मी म्हटलं, "बाळंतपण होऊ दे, मंग लावू."

विलास म्हणे, "तू तं लग्नात जेवाच्या आधी चप्पल पाहून येतं!"

हौ, येतो. चपला माह्याच जातात न!

*

बॉटल घरी आली तं विलासच्या मायनं तिले हळदकुंकू लावलं आन इचारलं, "शेगडी कोठी हाय?"

"शेगडी नाही, माय."

"ह्याच्यावर चहा होत नाही काय?" वहिनी म्हणे.

"नाही."

"मंग काहून आणली?"

आमच्या साऱ्या बालाघाटले गाड्या समजावणारा माणूस, बॉटल उचलून डिक्कीत ठेवाले गेला.

*

पहिली टेस्ट भरवेलीकडच्या मोकळ्या मैदानात. विलासनं डिक्की उघडून बॉटलीची नॉब खोलली, समोर येऊन गॅसचं बटन दाबलं, आन गाडी अशी उसळली का मी सीटले चिपकलो.

"पेट्रोल येऊन राह्यलं काय?" मी ओरडलो.

"डोळे उघड, मंग मीटर दिसन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बटन दाबलं, तं निस्ता काळा धूर! "नॉब पाह्यली काय?" मी इचारलं.

"अबे, काल माह्या हातानं खोलली! एकदा खोलली का खोलली!"

मी सारं वायरिंग उस्कटलं. गॅसचा व्हॉल्व्ह बदलला, बॉटल काढून पुन्हा बसवली आन नॉब खोलली. गाडी सुसाट! सकाळी पुन्हा धूर. माही झोपच गेली.

*

किरनापूरले वहिनीच्या माहेरी जाताना पोलिसानं डिक्की उघडली. "ये सिलेंडर किसके लिए?"

वहिनी पोटावर हात ठेवून मागून म्हणे, "साहब, मेरी हालत देख लो, फिर पूछो!"

त्यानं शिटी मारून पुढचा ट्रॅक्टर बाजूले केला!

*

आन एका दुपारी कळा सुरू झाल्या. वहिनी आन माय मागं, मी समोर. गोंदियाचा रस्ता संपता संपेना.

"वर्षभर ज्या बटनासाठी माहं डोकं खाल्लं, ते दाबा न आता!" वहिनी किंचाळली.

"नको बे!" मी म्हटलं. "पिस्टन गेलं तं इथंच बाळंतपण करा लागन!"

विलासनं मागं वहिनीकडं पाह्यलं. त्यानं दाबलं. गाडीनं आचका खाल्ला आन मागं काळा धूरच धूर! मी देवाचं नाव घेतलं. इंजिन मात्र बंद नाही पडलं. खोकलत खोकलत पोहोचलो.

पोरगी झाली. मायलेकी दोघी चांगल्या. विलास डोळे पुसत मले म्हणे, "व्हॉल्व्हच खराब हाय बे, पुन्हा बदलू."

माय नातीले मांडीवर घेऊन बसली होती. म्हणे, "काहीच खराब नाही. नॉब मी रोज बंद करते न. घरात पोटुशी बाई असताना गॅस खुली ठेवतात काय?"