बेटावरची चूल

देवाचं मी करते, पण देव माझं काही करतो का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. कुणाजवळ बोलले नाही, कारण ऐकून घ्यायला घरात रिकामं कोण होतं? आमचा धंदा पाण्यावरचा. दौंड तालुक्याच्या उगवतीच्या टोकाला, उजनीचं पाणी मागं सरकत भीमेत शिरतं, तिथं काठावर आमचं घर आणि घरापुढं आमच्या होड्या. एक मोटारीची मोठी होडी आणि लाल-पिवळ्या कयाक, म्हणजे एकेकट्या माणसानं वल्ही मारत न्यायच्या प्लॅस्टिकच्या निमुळत्या होड्या. सुट्टीच्या दिवशी पुण्याची माणसं येतात. भांडगाव मागं पडलं की फोन करून अजून किती लांब आहे ते विचारतात. मग रोहित पक्षी बघतात, थोडी वल्ही मारतात, बेटावर बसून चहा-भजी खातात आणि कपडे झटकत परत जातात. मालक मोठी होडी चालवतात, मुलगी कयाक शिकवते आणि मी चूल सांभाळते.

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं केंदूर. लहानपणी तिथं आम्ही पाणी बघितलं ते टँकरच्या नळीला. लग्न होऊन इथं आले आणि दारातलं एवढं पाणी बघून छातीत धस्स झालं. अजूनही मला पोहता येत नाही. या धंद्यात राहून पोहता न येणारी बहुतेक मी एकटीच असेन. माझी भीती सासूबाईंनी ओळखली असावी. पहिल्याच चैत्रात त्या मला काठावर घेऊन गेल्या आणि साती आसरांना दहीभात कसा ठेवायचा ते दाखवलं. साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडं नदीच्या प्रत्येक डोहाजवळ त्यांचे सात दगड असतात. त्यांना शेंदूर लावायचा, हिरव्या बांगड्या वाहायच्या आणि पाण्यावर गेलेली आपली माणसं घरी आणा म्हणून सांगायचं. जुन्या गावात हा मान आमच्या घराचा होता. धरण झालं तेव्हा गाव उठलं. भैरवनाथाला वाजतगाजत नव्या गावठाणात नेलं. आसरांना मात्र कुणी हलवलं नाही, कारण त्या पाण्याच्या, त्यांनी पाणी सोडून यायचं कुठं? त्या राहिल्या आणि त्यांच्यावर पाणी चढलं. तेव्हापासून सासूबाई नव्या काठावर पाण्याकडं तोंड करून दहीभात ठेवायच्या आणि त्या गेल्यावर मी ठेवू लागले. माझी पाठ फिरली की कावळे यायचे. खरं सांगायचं तर आपण एवढ्या भक्तिभावानं कावळ्यांना जेवू घालतो, असंच मला वाटायचं.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, या सगळ्यापासून लांब असायचे. गाव पाण्यात गेलं तेव्हा ते ऐन उमेदीत होते. आता पार थकले होते, पण जीभ शाबूत होती. कयाकला ते पपईची फोड म्हणायचे. ‘गेली बघा फोडीत बसून,’ असं पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचे आणि मालक माझ्याकडं बघायचे. दिवसभर बाभळीखाली खाट टाकून बसायचे ते पाण्याकडं पाठ करून. बेटावर चला म्हणून आम्ही दर उन्हाळ्यात विचारायचो. ‘मला काय बघायचंय तिथं? तुम्ही जावा,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बुडालेल्या गावाचा आपण तमाशा मांडलाय म्हणून ते चिडलेत, अशी आम्ही समजूत करून घेतली. पुढंपुढं त्यांना त्रास नको म्हणून विचारणंही सोडलं.

बेट म्हणजे दुसरं काही नाही, जुन्या गावाचा उंचवटा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो वर येतो. पहिल्या वर्षी आम्ही तिथं उतरलो तेव्हा गाळात काळे गुळगुळीत दगड दिसले, एकमेकांच्या भावंडांसारखे. तीन मी चुलीला घेतले, चार मालकांनी ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांवर ठेवले, वाऱ्यानं उडू नये म्हणून. देवानंच आपल्यासाठी मांडून ठेवलेत म्हण, असं मालक गमतीनं म्हणाले आणि मीही हसले. नंतर दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की आम्ही तेच दगड गाळातून उकरून काढायचो. माझा चहा लोकांना आवडायचा. चुलीवरच्या धुराचा वास लागतो म्हणून शहरातली माणसं दोन-दोन कप मागून घ्यायची.

गेल्याच्या गेल्या वर्षी चैत्रात एका पाहुणीनं माझा फोटो पाठवला. चुलीपुढं बसलेली मी, डोळ्यांत धूर आणि तोंडभर हसू. आई किती छान दिसतेय बघा, म्हणून मुलीनं तो कौतुकानं आप्पांना दाखवला. आप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ घेतला. चूल नेमकी कुठं मांडता, एवढंच विचारलं. मुलीनं सांगितलं. त्या दिवशी अर्ध्या भाकरीवर उठले. ऊन बाधलं असेल म्हणून मी ताक करून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर खाट रिकामी. आधी कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. मग मुलगी काठावरून ओरडली, एक पिवळी कयाक नव्हती. लाइफ जॅकेटं सगळी खुंट्यांवर होती. ज्या माणसाला पायरी उतरताना हात द्यावा लागायचा, तो माणूस पपईच्या फोडीत बसून एकटा पाण्यावर गेला होता. आणि त्या दिवशी वारा सकाळपासूनच सुटला होता. उन्हाळ्यात आमच्याकडं वारा उठला की पाणी असं उसळतं की मालक मोठी होडीसुद्धा बाहेर काढत नाहीत.

मालक म्हणाले की पलीकडच्या काठाला आत्याबाईंकडं गेले असणार, त्यांची लाडकी बहीण आहे. मुलीला काठावर ठेवून आम्ही दोघं त्या दिशेनं निघालो. लाटा होडीच्या अंगावर येत होत्या आणि मी दोन्ही हातांनी कड धरून पुढं बसले होते. पाण्यावर जिकडं बघावं तिकडं उन्हाचे तुकडे चमकत होते. प्रत्येक तुकडा मला पिवळा दिसायचा आणि जवळ गेलं की काहीच नसायचं. मी आसरांची आठवण काढली. आधी रागानं काढली. एवढी वर्षं तुम्हाला जेवू घातलं, त्याचं हे काय केलंत, असं मनात भांडले. मग भांडायचंही त्राण राहिलं नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघालं की बायांनो, मला कळत नाही काय मागू, तुम्हाला वाटेल ते करा, पण त्या म्हाताऱ्या जिवाजवळ कुणीतरी असू द्या. असं मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं. माझं मागणं नेहमी यादीसारखं असायचं.

तेवढ्यात मशीनचा आवाज बदलला, होडीला हिसका बसला आणि सगळं थांबलं. मशीनच्या पाण्यातल्या पंख्यात जाळं अडकलं होतं. कुणीतरी मासे धरायला लावलेलं लांबच लांब जाळं. वर तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या वाऱ्यात आम्हाला दिसल्याच नव्हत्या. मालकांनी नको ते शब्द वापरले. मी कपाळाला हात लावला. मागितलं काय आणि मिळालं काय, असंच वाटलं.

थोड्या वेळानं एक छोटी होडी आमच्याकडं येताना दिसली. डोक्याला टॉवेल बांधलेला एक मासेमार, आमच्या अजिबात ओळखीचा नसलेला. जाळं फाडलं म्हणून आता हा आम्हाला धुऊन काढणार, अशी तयारी ठेवून मी बसले. त्यानं आमच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, “म्हातारं माणूस हुडकताय का? पिवळ्या होडीतलं?”

मालकांनी मान हलवली. मग त्यानं सांगितलं की वारा कयाकला धारेकडं लोटत होता, ते बघून त्यानं दोरी टाकून ती आपल्या होडीला बांधली. कुठं सोडू म्हणून विचारलं तर म्हातारबाबा वाट सांगायला लागले. “चावडीवरनं डाव्या हाताला घे म्हणले, म्होरं वेस लागंल. म्या म्हणलं, आजोबा, हितं चावडी कुठाय, समदं पाणीच हाय. तर म्हणले, तू चालव रं, मी सांगतो.” आणि तशीच वळणं घेत त्यानं त्यांना बेटावर पोचवलं होतं. परत चला म्हटलं तर ते काही केल्या उठेनात, म्हणून त्यांच्याजवळ पाण्याची बाटली ठेवून तो आमच्या काठाकडं सांगायलाच निघाला होता. वाटेत जाळ्याच्या बाटल्या हलताना दिसल्या आणि वळला. जाळं अडकलं नसतं तर तो एकीकडं गेला असता आणि आम्ही भलतीकडं. त्यानं कोयत्यानं आपलंच जाळं कापून पंखा मोकळा केला आणि आम्हाला पुढं जायला सांगितलं. पुढं बाजारात त्याला पुष्कळ शोधलं. मासेमार हंगामाला येतात आणि जातात. कुणाला त्याचा ठावठिकाणा सांगता आला नाही. त्याच्या कापलेल्या जाळ्याची रुखरुख मला अजून आहे.

आप्पा बेटावर पाण्याच्या कडेला बसले होते. पाण्याकडं तोंड करून बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. धोतर भिजलेलं, हाताला काजळी. त्यांच्यापुढं ते सात दगड ओळीनं मांडलेले होते. चुलीचे तीन त्यांनी वाळूनं घासून घासून धुतले होते, तरी त्यांच्यावरचा काळा डाग पुरता निघाला नव्हता. तो डाग बघितला आणि मला सगळं कळलं. मी तिथंच गाळात बसले. काठावर त्यांना दहीभात ठेवत होते आणि इथं त्यांच्याच डोक्यावर चहा उकळत होते. मी रडायला लागले ते मला आवरेना.

आप्पांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. “रडू नगं पोरी. इतकी वर्सं पाण्यात गारठल्या हुत्या त्या. तुझ्या चुलीनं ऊब दिली त्यास्नी. रागावल्या असत्या तर आजवर तुझं एक तरी माणूस माघारी आलं असतं का?”

मला सांगितलं असतं तर मीच केलं असतं, एकटे का आलात, असं मी विचारलं. म्हणाले, तुझ्या जिवाला लागलं असतं, म्हणून गपचूप नीट मांडून येणार होतो. मालक इतका वेळ लांब उभे होते. ते जवळ आले आणि त्यांनी विचारलं की इतक्या वेळा बोलावलं, तेव्हा का नाही आलात.

आप्पांनी कडेचा दगड ओळीत सारखा केला. मग म्हणाले, “सपान पडायचं ह्या जागेचं. पर तुम्ही पाव्हण्यांसंगं न्यायला बघायचा. आपल्याच गावात पाव्हणा म्हणून कसं यायचं रं?”

मालकांनी तोंड फिरवलं. राग नव्हताच तर. नुसता संकोच होता, आणि त्याला आम्ही राग समजून गप्प बसलो होतो. एखाद्या मधल्या वाराला आम्ही तिघंच, पाहुण्यांशिवाय, इतकं सोपं होतं ते. वारा पडेपर्यंत आम्ही तिथं बसलो. आप्पा बोटानं दाखवत होते, इथं तालीम, इथं पाराचा पिंपळ, इथं तुझ्या सासूची माझी पहिल्यांदा नजरानजर झाली. उठताना त्यांनी सांगितलं की आता यांना यांच्या जागी राहू दे, चूल शेजारी दुसऱ्या दगडांची मांड, म्हणजे ऊब लागत राहील. आणि पुढच्या चैत्रात दहीभात इथंच आणायचा, मला घेऊन यायचं. मी हो म्हटलं. माझ्या मनात तेव्हा कसली शंकासुद्धा आली नाही.

त्या वर्षीच्या श्रावणात आप्पा गेले. झोपेतच गेले, कुणाला हाक न मारता. पुढच्या चैत्रात पाणी उतरलंच नाही, बेट वर आलं नाही, आणि मी जुन्या सवयीनं काठावर दहीभात ठेवून रडत घरी आले. यंदा बेट उघडं पडलं. पाहुणे यायच्या आधीच्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. वरचा गाळ बाजूला केला तर सात दगड ओळीनं होते तसेच होते. तिघींवरचा डाग अजून आहे. मी शेंदूर लावला, बांगड्या वाहिल्या, दहीभात ठेवला. शेजारी दुसऱ्या दगडांची चूल मांडून पहिला चहा त्यांच्यापुढं ठेवला आणि एक कप आप्पा बसले होते त्या जागी.

देव माझं काही करतो का, हे मी आता विचारत नाही. मी अजाणता त्याच्या डोक्यावर विस्तव ठेवला आणि त्यानं तो ऊब म्हणून घेतला. याहून जास्त कुणी कुणाचं काय करायचं? माझं मागणंही थोडकं झालंय. तुम्हाला वाटेल ते करा, एवढंच म्हणते, आणि त्यात मला भीती वाटत नाही. त्या दिवसाबद्दल आणि त्या अनोळखी माणसाबद्दल मी रोज हात जोडते. पण जोडलेल्या हातांत हळहळही असते, ती जात नाही.

आता होडी बेटाला लागली की पाहुण्यांना उतरवून घेताना मी म्हणते, हे आमचं गाव आहे, आपल्या घरी आल्यासारखं बसा. लोकांना ते आवडतं, कुणी हसून नमस्कार करतं. हे वाक्य ज्यांना म्हणायला हवं होतं ते बाभळीखाली पाठ करून बसलेले असायचे, आणि मला ते तेव्हा सुचलं नाही.