पगार कमी करून मागणारा माणूस

शिरपूर तालुक्यातल्या निंबाला सुरतेत आणलं ते त्याच्याच गावच्या धुडकूनं. धुडकू पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवण्याच्या मिलमध्ये होता. त्यानं निंबाला तिथं चिकटवलं, आपल्या खोलीला लागून खोली बघून दिली, आणि लग्नानंतर निंबाची बायको रंजना पहिल्यांदा सुरतेत उतरली तेव्हा तिला घ्यायला स्टेशनावरही तोच गेला. दोघं जेट मशीनवर काम करत. उकळत्या रंगातून साड्यांचे तागे फिरवायचे आणि दिवसभर वाफेत उभं राहायचं. निंबा घरी आला की त्याच्या कानामागं कधी राणी रंग असायचा, कधी मोरपंखी. रंजना ओल्या फडक्यानं पुसायची, पण पुरता जायचा नाही.

पगारातून सरकारी कामगार विम्याचे पैसे कापले जात. बहुतेकांना ते खटकायचं. विम्याच्या दवाखान्यात जावं तर अर्धा दिवस रांगेत जायचा, आणि अर्ध्या दिवसाची मजुरीही. धुडकू म्हणायचा, "आजारी पडलो तर चौकातला डॉक्टर सुई मारतो, दुसऱ्या दिवशी कामावर. मग ही कापाकापी कोणासाठी?" निंबालाही ते पटायचं.

मग चौऱ्याण्णवचं, प्लेगचं वर्ष आलं. अर्धी सुरत गावाकडं पळाली, तशी ही दोन्ही घरंही निघाली. स्टेशनाचा जिना चढताना रंजना मधेच बसली. ओठ निळे पडले, श्वास पुरेना. आजूबाजूची माणसं तिला प्लेग झाला समजून दूर सरकली. धुडकूनं आणि निंबानं तिला उचलून गाडीत घातलं. गावाला विश्रांती मिळाली तसं तिला बरं वाटलं, पण परत आल्यावर दोन हंडे पाणी आणलं तरी ती धापा टाकू लागली. खासगी डॉक्टरनं तपासण्या लिहून दिल्या. त्यांचा खर्च ऐकून निंबा तिथूनच मागं फिरला आणि विम्याच्या दवाखान्यात गेला.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी रंजनाच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता का, असं विचारलं. आला होता. त्या तापानं हृदयाची झडप आकसली होती. गोळ्या चालू झाल्या, दर महिन्याला इंजेक्शन. ऑपरेशन अहमदाबादला करावं लागणार होतं, नंबर लागायला वेळ होता. "तोपर्यंत मूल नको, जड काम नको," बाई म्हणाल्या. "आणि विम्याचं कार्ड सांभाळा. हे ऑपरेशन बाहेर तुम्हाला झेपणार नाही."

पुढच्या वर्षीच्या दिवाळीत मिलच्या शेठनी निंबाला मुख्य ऑपरेटर केलं आणि पगार वाढवला. पेढे घेऊन तो घरी निघाला, तेव्हा गेटवर युनियनचे रामदासभाऊ भेटले. वाढीचा आकडा ऐकून त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"निंबा, विम्याला पगाराची मर्यादा असते. त्याच्या वर गेलास की तू बाहेर. ही सहामाही मुदत संपेपर्यंत कार्ड चालेल, पुढं नाही."

"पण पगार वाढला म्हणजे मी काही श्रीमंत झालो नाही, भाऊ."

"तेच तर आम्ही सांगतोय. महागाई कुठं गेली नि मर्यादा कुठं राहिली. वाढवायची चर्चा चालू आहे. मालक म्हणतात आमच्यावर बोजा पडेल, सरकार म्हणतं औषधांचा खर्चच निघत नाही. होईल, पण कधी ते सांगता येत नाही."

घरी रंजनानं पेढ्याचा पुडा पाहिला, मग त्याच्याकडं पाहिलं. "पगार वाढना, तरी तोंड काबर उतरेल शे?"

पगार वाढूनही तोंड का उतरलं, ते त्यानं सांगितलं नाही. हिवाळाभर तो रामदासभाऊंना विचारत राहिला, आणि हिवाळाभर चर्चा चालूच राहिली. मुदत संपत आली तेव्हा तो ऑफिसात शेठसमोर जाऊन उभा राहिला.

"शेठ, माझा पगार पहिल्यासारखा करा."

शेठना वाटलं आणखी वाढ मागतोय. नीट समजल्यावर त्यांनी चष्मा काढला. "ओछो करवानो? पगार कमी करून मागणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय." निंबानं रंजनाची हकीकत सांगितली. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला, बायकोची चौकशी केली आणि मुनीमाला सांगून पगार खाली आणला. काम मात्र मुख्य ऑपरेटरचंच राहिलं.

पण कागद होईतो मुदत उलटली होती. विम्यात नव्यानं नाव लागलं, आणि दवाखान्याचा हक्क पुन्हा चालू व्हायला काही महिने थांबावं लागणार होतं. अहमदाबादचा नंबरही मागं गेला. त्या महिन्यांत निंबानं गोळ्या बाहेरून आणल्या. रंजना परस्पर एकदिवसाआड घेऊ लागली, म्हणजे पुरतील. त्याला ते बरंच उशिरा कळलं.

पावसाळ्यात बाकीचे ऑपरेटर वाढ मागायला शेठकडं गेले. धुडकू पुढं होता. त्याला चाळीतली खोली सोडून उधन्याला स्वतःचं घर घ्यायचं होतं. शेठ शांतपणे म्हणाले, "वाढ देऊन तुमचं नुकसान करू का? पगार वाढला की विमा जातो. निंबाला विचारा. त्यानं स्वतः येऊन कमी करून घेतला."

संध्याकाळी धुडकू निंबाच्या दारात आला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही.

"तुला गरज होती, तू घेतलंस. आमच्यासमोर तुझं नाव का यावं?"

"मी माझ्यापुरतं बोललो होतो, धुडकूदादा."

"शेठसमोर कोणी आपल्यापुरतं बोलत नसतं. एवढी वर्षं काम करून ते कळलं नाही तुला?"

धुडकूचं खोटं नव्हतं, आणि आपण दुसरं काय करायला हवं होतं तेही निंबाला सुचत नव्हतं. त्यानंतर मशीनवर त्याच्याशी कोणी कामापलीकडं बोलेना. धुडकूची बायको मालतीबाई आजवर रंजनाचं पाणी भरून देत असे, तिनं ते बंद केलं. रंजना रिकामा हंडा घेऊन नळावर जाऊन बसायची, आणि बसून बसून परत यायची. तिथंच तिला सगळं कळलं.

"मन्हासाठे लोकेस्नं नुसकान नको व्हवाले," ती म्हणाली. "तू शेठले सांग, पगार परत वाढाव."

"आणि तू?"

तिनं तोंड भिंतीकडं केलं.

दिवाळीनंतर एकदाचा अहमदाबादचा कागद निघाला. तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवस तपासलं आणि निंबाला बाहेर बोलावलं. हृदय फार फुगलं होतं, फुप्फुसांवर ताण आला होता. आता टेबलावर घेतलं तर ती उठेल असं नाही. सहा-आठ महिने आधी आणायचं होतंत, असं ते म्हणाले. का नाही आणलं, हे कोणी विचारलं नाही. परतीच्या गाडीत रंजनानं खिडकीशी बसून भरूचचा मोठा पूल पाहिला आणि तिला बरं वाटतंय असं सांगितलं. डिसेंबर संपायच्या आत ती गेली.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत विम्याची मर्यादा दुपटीहून जास्त वाढली. रामदासभाऊंनी गेटवर गुलाल उधळला. आता पगार वाढला तरी कोणाचा विमा जाणार नव्हता. ऑपरेटर पुन्हा शेठकडं गेले. शेठ म्हणाले, आता विम्याच्या वर्गणीचा दर वाढलाय, विम्यात माणसं वाढलीत, हा खर्च कोण सोसणार? वाढ मिळाली नाही. निंबाचा सोडलेला वाढीव पगारही परत मिळाला नाही, आणि त्यानं तो मागितला नाही.

पुढं रामदासभाऊंनी एका सभेत त्याला बोलायला उभं केलं. मर्यादा वेळेवर वाढत नाही तेव्हा काय होतं, ते लोकांना त्याच्या तोंडून कळावं, असं त्यांच्या मनात होतं. निंबा उभा राहिला. समोर पहिल्या रांगेत धुडकू मान खाली घालून बसला होता. निंबानं माईक हातात घेतला आणि परत देऊन टाकला.

सभा पुढं चालू राहिली. तो कडेकडेनं बाहेर पडला. त्याची पाळी सुरू व्हायची होती.