नाल्याच्या दोन्ही बाजूंचं गाजरगवत

गिरीराज लाड स्वतःचं घर सोडून बहिणीकडे शहरात राजाजीनगरला राहायला गेले, ते एका गवतापायी. घरात भांडण झालं नव्हतं की शेत विकलं गेलं नव्हतं. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे हरळुकट्टे नावाचं गाव आहे. तिथल्या तळ्याच्या खालच्या अंगाला लाडांची सेवंतीची शेती. ही मंडळी चारेकशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, अंगणाबाहेर कानडी.

गिरीराजांच्या मानेला आधी नुसती खाज सुटायची. मग पापण्या सुजायला लागल्या. कपाळाची आणि कोपरांच्या आतली कातडी जाड होऊन भेगाळली. उन्हात गेलं की अंगाची आग व्हायची, रात्री झोप लागायची नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली आणि कारण सांगितलं: गाजरगवत. ते हाताने उपटायलाच हवं असं नाही, वाळल्यावर त्याची जी धूळ उडते तीही पुरते.

"मलम देतो, गोळ्याही देतो," डॉक्टर म्हणाले. "पण हे गवत तुमच्यापासून लांब जायला हवं, नाहीतर तुम्ही त्याच्यापासून."

राजाजीनगरला सगळीकडे फरशी आणि डांबर. काही आठवड्यांत गिरीराजांची कातडी निवळली. गौरीच्या सणाला ते घरी आले, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही डोळे मिटण्याइतके सुजले. त्यानंतर त्यांनी येणं बंद केलं. फुलांचा मळा, जनावरं आणि घर सोयराबाईंवर पडलं.

सोयराबाई म्हणजे त्यांची बायको. पन्नाशीच्या आतबाहेर, उंच, चालणं भराभर. त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. महिलांच्या राखीव जागेवर त्यांना उभं केलं होतं आणि त्या निवडूनही आल्या होत्या. पण सभेत अध्यक्ष कल्लाप्पा यांनी हात वर केला की यांनी करायचा, इतकंच त्यांचं पंचायतीतलं काम.

मी त्यांना ओळखू लागले ती याच सुमारास. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेली, तळ्याच्या वरच्या बाजूला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. एका सकाळी मी तळ्याच्या बांधावर फोनवर आईशी बोलत होते. एक बाई पाटी खाली ठेवून थांबल्या आणि फोन संपल्यावर म्हणाल्या, "मराठी काय? मुग्धा ना नाव, आत्ताच तुमी आईला म्हणालात. स्वल्प बसा, मला मराठी बोलायला बाहेर कोणच गावत नाही." नवऱ्याची सगळी हकीकत त्यांनी तिथे बसूनच सांगितली. आमच्यासमोर गाजरगवताच्या पांढऱ्या फुलांचं रान पसरलं होतं. आमच्या सोसायटीतले लोक त्या फुलांत उभं राहून फोटो काढत असत.

पुढच्या सभेत सोयराबाई पहिल्यांदा स्वतःहून बोलल्या. तळ्याच्या कडेचं, शाळेमागचं आणि रस्त्यालगतचं गाजरगवत पंचायतीने मुळासकट काढावं, अशी त्यांची मागणी होती. कल्लाप्पांनी हरकत घेतली नाही. रोजगार योजनेतल्या बायका कामाला लागल्या, आणि पंचायतीची बाजू अगदी अंगणासारखी स्वच्छ झाली. सोयराबाईंनी राजाजीनगरला फोन करून सांगितलं, "आता या."

गिरीराज यायच्या आधीच पाऊस आला. तळ्याला मिळणारा मोठा नाला दुथडी भरून वाहिला, आणि पाणी ओसरल्यावर गाळातून पुन्हा तीच कातरलेली कोवळी पानं वर आली. तेव्हा सोयराबाईंनी नाल्यापलीकडे नीट पाहिलं. पलीकडची बाजू नगरसभेची, म्हणजे नगरपालिकेची. तिथे नव्या वसाहतीचे रिकामे भूखंड होते आणि त्यांत गवत खांद्याला लागेल इतकं माजलं होतं.

सोयराबाई नगरसभेच्या कचेरीत गेल्या. पर्यावरण विभागाचे अभियंता हयवदन यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. हे पुढचं बोलणं कानडीत झालं, मी मराठीत सांगते.

"अक्का, आम्ही दरवर्षी कापतो," हयवदन म्हणाले.

"कधी?"

"दसऱ्याच्या आधी. तेव्हा माणसं आणि यंत्रं मोकळी असतात."

"तोवर ते फुलून झडलेलं असतं. यंत्र फिरलं की बी चहूकडे."

"ठाऊक आहे मला. आम्ही एकदा वेळेवर काढलंही होतं. पण तुमच्या बाजूचं तसंच होतं, वाऱ्यानं सगळं परत आलं. मग वरून विचारणा झाली, केलेलं काम दिसत का नाही म्हणून."

सोयराबाईंनी हे कल्लाप्पांना सांगितलं. कल्लाप्पा म्हणाले, "मग आधी त्यांनी काढावं. आम्ही एकदा काढून फसलो." नगरसभेचं म्हणणंही तेच होतं. दोघंही खोटं बोलत नव्हते, आणि अडचण नेमकी तीच होती. खोटं बोलणाऱ्याला पकडता आलं असतं. इथे दोघांनाही अनुभव आला होता आणि दोघंही समोरच्याची वाट पाहत बसले होते.

सोयराबाईंनी ठरवलं की यांना समोरासमोर आणायचं. पण अध्यक्ष नगरसभेच्या कचेरीत जायला तयार नव्हते, कारण ते लोकांनी निवडून दिलेले. आणि नगरसभेच्या अधिकाऱ्यांनी पंचायतीत जायचं तर वरची परवानगी हवी. सोयराबाई कित्येक दिवस दोन्हीकडे फेऱ्या मारत राहिल्या. शेवटी त्यांनीच जागा सुचवली: नाल्यावरचा छोटा पूल. पूल अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. कोणीच कोणाकडे गेल्यासारखं व्हायचं नाही.

सकाळची वेळ होती. कल्लाप्पा पंचायतीच्या सचिवांना घेऊन आले, हयवदन स्वच्छता निरीक्षकांना घेऊन. सोयराबाईंनी मला आणि आमच्या सोसायटीचं काम बघणाऱ्या श्रीरंगना बोलावलं होतं, कारण पलीकडचे रहिवासी आम्हीच. बोलणं सुरू झालं आणि लगेच जुन्या वाटेला लागलं. तुमची बाजू, आमची बाजू. हयवदन मध्येच म्हणाले, "अक्का, तुमच्या यजमानांना पाहिलं असतं तर मला वर सांगता आलं असतं."

"ते दाखवायची वस्तू आहेत का?" सोयराबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

आणि तेवढ्यात गिरीराजच आले. सोयराबाईंनी फोनवर बहिणीला बैठकीचं सगळं सांगितलं होतं, ते ऐकून त्यांनी बस पकडली होती. बायकोला त्यांच्या येण्याची कल्पना नव्हती. डोक्याला आणि मानेला पांढरं उपरणं गुंडाळलेलं, पूर्ण बाह्यांचा शर्ट. ते पुलाच्या मधोमध उभे राहिले. कोणाला नमस्कार नाही, काही नाही.

"डॉक्टरनी विचारलं, कुठलं गवत लागलं?" ते सावकाश म्हणाले. "मला सांगता आलं नाही. पंचायतीचं की नगरसभेचं ते गवताला विचारायला पायजे होतं. तुमाला ठाऊक असलं तर सांगा, मी डॉक्टरना कळवतो."

कल्लाप्पा आणि गिरीराज एका शाळेत शिकलेले. कल्लाप्पांनी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, मग नाल्याकडे. "सरी, ठीक आहे," ते हयवदनना म्हणाले, "एकाच दिवशी. दोन्ही बाजू. फूल धरायच्या आधी."

तरी एक गोष्ट उरलीच. नाल्याच्या दोन्ही काठांचा पट्टा नकाशावर ना यांच्यात होता ना त्यांच्यात, आणि सगळ्यात जास्त बी तिथूनच वाहायचं. सोयराबाई म्हणाल्या, "तिथलं पंचायत काढेल." कल्लाप्पांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. परत जाताना ते रागावले होते. सभेला न विचारता शब्द दिलाच कसा, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. सोयराबाईंनी मग प्रत्येक सदस्याच्या घरी जाऊन सांगितलं, "शब्द मी दिला. मोडायचा असेल तर सभेत सगळ्यांसमोर मोडा." ठराव आला तेव्हा आधी दोघा-तिघांनी हात वर केले, मग बाकीच्यांनी, आणि अगदी शेवटी कल्लाप्पांनी.

नगरसभेनेही कागद काढला. पावसाच्या दोन सरी पडून गेल्यावरचा एक सोमवार ठरला. त्या सकाळी पंचायतीच्या बायका हातमोजे घालून, तोंडाला फडकी बांधून पुलाजवळ जमल्या. आमच्या सोसायटीतूनही काही जण गेलो होतो. नगरसभेकडून कोणी आलं नाही. हयवदन फोन उचलेनात. नंतर कळलं की कोणी मोठा पाहुणा येणार म्हणून पहाटेच सगळ्या कामगारांना मुख्य रस्त्यावर नेलं होतं.

कल्लाप्पा म्हणाले, "बघितलंत? मी काय सांगत होतो?" बायका परत फिरायच्या बेतात होत्या.

सोयराबाईंनी पदर खोचला आणि पूल ओलांडला. नगरसभेच्या हद्दीतल्या पहिल्या भूखंडावर वाकून त्या गवत उपटू लागल्या. मागे वळून पाहिलं नाही, कोणाला हाक मारली नाही. मला त्या वेळी त्यांची भीती वाटली, कारण हेच गवत त्यांच्याही अंगावर उठू शकलं असतं. थोड्या वेळाने त्यांच्यामागून एक बाई गेली, मग आणखी चौघी, मग आम्ही. कल्लाप्पा पुलावर काही वेळ तसेच उभे होते. शेवटी त्यांनी पंचायतीचा ट्रॅक्टर पलीकडे घ्यायला सांगितला.

दुपारी हयवदन दुचाकीवरून आले. आपल्या हद्दीत पंचायतीचा ट्रॅक्टर पाहून ते थबकले. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण सोयराबाईंनी त्यांच्या हातात हातमोज्यांचा जोड दिला. ते संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर वाकून काम करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नगरसभेची सगळी माणसं हजर झाली, गाड्यांसकट. आठवडा संपायच्या आत दोन्ही बाजू आणि मधला पट्टा मोकळा झाला.

मोकळी जमीन तशीच ठेवली तर गवत परत येतं, म्हणून कृषी विद्यापीठातल्या एका बाईंच्या सल्ल्याने दोन्ही संस्थांनी तिथे टाकळ्याचं बी फेकलं. टाकळा दाट माजतो आणि गाजरगवताला उगवायला जागा ठेवत नाही. त्या वर्षी दसऱ्याला तळ्याच्या काठावर पिवळी फुलं होती. पांढरी अधूनमधून दिसली, ती दिसताच कोणी ना कोणी उपटली. आमच्या सोसायटीतली मुलंसुद्धा हातमोजे घालून.

गिरीराज दिवाळीनंतर घरी आले. पहिले दोन दिवस सोयराबाई सारख्या त्यांच्या पापण्यांकडे बघत होत्या, असं त्यांनीच हसत मला सांगितलं. सूज आली नाही. थोडी खाज आली आणि गेली. पूर्ण बरं झालं असं नाही. कडक उन्हाळ्यात कोरडा वारा सुटला की ते आजही बहिणीकडे जातात, आणि मळ्यात मान झाकल्याशिवाय उतरत नाहीत. पण वर्षातले बहुतेक महिने आता ते आपल्या घरात राहतात, सेवंतीच्या फुलांचे ढीग अंगणात बसून निवडतात.

पंचायत आणि नगरसभा यांच्यात आता दर पावसाळ्याआधी पुलावर बैठक होते. हयवदनांची बदली झाली, पण नवीन आलेल्या अधिकाऱ्यांनाही ते जाताना पुलावर घेऊन गेले आणि सोयराबाईंची ओळख करून दिली. कल्लाप्पा अजून कुरकुरतात, मधल्या पट्ट्याचा खर्च आपल्यावर पडला म्हणतात, पण काम एकदाही चुकवत नाहीत.

मागच्या महिन्यात नाल्याच्या खालच्या अंगाच्या एका गावचे दोन सदस्य सोयराबाईंकडे आले होते. तुम्ही हे कसं जमवलं, आम्हालाही सांगा, म्हणाले. मी तिथेच होते. सोयराबाई त्यांना चहा देऊन म्हणाल्या, "आधी सांगा, तुमच्या पलीकडे कोण हाय?"

त्यांनी दुसऱ्या पंचायतीचं नाव सांगितलं आणि पुढे म्हणाले, "पण त्यांच्याशी आमचं बोलणं नाही."

"मग उद्या मी येते," सोयराबाई म्हणाल्या. "तुमच्यात पूल कुठे हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले तेव्हा त्या बसथांब्यावर उभ्या होत्या, खांद्याला पिशवी. शेजारी गिरीराज, गळ्यात उपरणं. सोबत चाललो, म्हणाले.