उतरा मंडळी, चढ हाय

सरकारी मोटार सुरू झाली आणि वर्षभरात माझा टांगा रिकामा पळू लागला. बीड ते वडवणी ज्यांना वीस वर्षं नेलं-आणलं, ती माणसं माझ्यासमोर मोटारीत चढत आणि नजर चुकवत. मला भयंकर राग येई. पण पोटापुढं राग किती दिवस टिकणार? जिनं पोटावर पाय आणला तीच मोटार रोज धुऊन-पुसून मी तिच्या ड्रायव्हरकडून चालवायला शिकलो.

परीक्षेच्या दिवशी शेजारी साहेब बसले, मागं माझा गुरू ड्रायव्हर आणि गच्च सवाऱ्या. पास झालो तर नोकरी. नाहीतर काहीच नव्हतं, कारण टांग्याचं घोडं मी आदल्या आठवड्यातच विकून बसलो होतो. ओढा नीट ओलांडला, समोरच्या बैलगाड्यांना वाट दिली. साहेब गप्प होते, म्हणजे ठीक चाललं होतं.

मग चढ आला आणि मोटार कण्हली. टांग्याच्या सवाऱ्या इथं उतरून चालत, जनावराला ओझं नको म्हणून. माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

"उतरा मंडळी, चढ हाय."

सगळे मुकाट्यानं उतरले. गठुडं सावरत एक म्हातारीसुद्धा उतरली. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, मला तर नाहीच.

"गाडी कायकू रोकी?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तुमी बी उतरा. लई खडा चढ हाय."

बोलून गेल्यावर कळलं. साहेब चिडले असते तर पाय तरी धरले असते. त्यांनी फक्त मागच्या ड्रायव्हरला पुढं बोलावलं. सवाऱ्या परत बसल्या. मी बसलो नाही. धुरळा खात चढ पायीच चढलो. लाज वाटत होती, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

"जित्याची खोड," एवढंच बायको म्हणाली.

पुढं आडतीवर पोती वाहू लागलो. एकदा कामासाठी त्याच मोटारीनं वडवणीला जावं लागलं. चढ लागला तसा मी दांडी धरून उभा राहिलो.

"बस की बे, कावून उठला?" गुरू ओरडला.

मला बसवेना. त्या दिवशी उतरलेली म्हातारी समोरच होती. गठुडं मांडीवर घेऊन ती निवांत झोपली होती.