अडीचच्या बांगड्या

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या मेहरूणच्या गल्लीत ती संक्रांतीला आणि दिवाळीला बांगड्या भरायला येते. मणियार बाई, धुळ्याकडची, अहिराणी बोलणारी. माप ती विचारतच नाही. हात हातात घेते, अंगठ्याखाली दाबते आणि टोपलीकडे न बघता नेमकी बांगडी काढते.

त्या संक्रांतीला समोरच्या आक्कांचा हात तिने धरला, तो सोडेचना. ओट्यावर आम्ही सात-आठ बायका होतो. दारात आक्कांचा मुलगा उभा होता.

"आक्का, मांगना साल तुमना हात अडीचना व्हता. आते सव्वादोननी बांगडी बी ढिली शे. घरमा जेवाले देतस का नई?"

मुलगा म्हणाला, "वय झालं, खाणं जात नाही."

तिने वाद घातला नाही. अडीचच्या डझनभर हिरव्या बांगड्या कागदात गुंडाळून त्याच्याच हातात ठेवल्या. "दिवाळीले मी येसू. तव्हय ह्या हातमाईन गळाले नको."

त्या घरातली आरडाओरड ऐकून मी त्याआधी वर्षभर खिडकी लावून घेत होते.

दिवाळीला ती आली. त्याच बांगड्या भरल्या आणि आक्कांचा हात खाली सोडून हलवला. एकही गळली नाही.

मग ती आमच्या ओट्यावर चढली. माझ्या सासूबाईंचा हात तिने हातात घेतला, आणि मी श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.